आग रामेश्वरी, बंब कोणाचा?

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी अजून तांब्याचा बंब पेटतो. एरवी वर्षभर गॅसच्या गीझरवर भागते. पण त्या एका दिवशी आई ऐकत नाही. माळ्यावरून बंब खाली येतो, चिंचेने घासला जातो, आणि देवळाली कॅम्पातल्या त्या झोंबऱ्या थंडीत अंगणभर धूर करीत रुबाबात उभा राहतो. पोटात विस्तव आणि भोवती पाणी, अशी त्याची ठेवण. बंब हा शब्द मूळचा पोर्तुगीज. त्यांच्या भाषेत पाणी उपसण्याच्या यंत्राला 'बोंबा' म्हणतात, त्यावरून तो आला असे जाणकार सांगतात. मराठी माणसाने मात्र या एका शब्दाला दोन परस्परविरुद्ध कामे लावली. एक बंब पाणी तापवितो, दुसरा आग विझवितो. एकाला सणाला बोलावतात, दुसऱ्याला संकटाला.

गेल्या दिवाळीत या दोन्ही बंबांची गाठ माझ्या अंगणातच पडायची वेळ आली होती. शेजारच्या मुलांनी उडविलेला एक बाण वाट चुकला आणि त्यांच्याच गॅलरीतल्या आकाशकंदिलात शिरला. कंदिलाने पेट घेतला, कंदिलावरून बांबूच्या चटईने घेतला. बायकामुलांचा एकच गलका झाला. कोणी ओरडले, "बंब बोलवा, बंब!" मी आंघोळीसाठी विसणलेली बादली घेऊन जिन्याने धावलो, माझ्या मागून दुसरी आली, तिसरी आली, आणि उटण्याचा वास येणाऱ्या कोमट पाण्याने ती आग विझली. सगळा प्रकार दोन-तीन मिनिटांचा. नुकसान म्हणाल तर एक कंदील, एक चटई आणि माझी आंघोळ.

पण त्या घरचा आठवीतला मुलगा माझा विद्यार्थी. आणि विद्यार्थ्याला प्रश्न नेमका नको त्या वेळी पडतो.

"सर, विझली नसती तर कुठला बंब बोलावला असता?"

"कुठला म्हणजे? आगीचा."

"तसं नाही सर. आपल्या कॅम्पाचा, का भगूरचा, का नाशिकचा? आणि मागच्या शेतात आग गेली असती तर? ते संसरीत येतं ना?"

"आधी आंघोळ कर, मग नागरिकशास्त्र," असे म्हणून मी त्याला वाटेला लावले. खरे सांगायचे तर मला उत्तर येत नव्हते. आमच्या या कॅम्पात उभे राहून माणसाने चारी दिशांना चार पावले टाकली तर तो चार सरकारांच्या हद्दीत जातो. मधे लष्करी छावणी, तिचे कँटोन्मेंट बोर्ड. एका अंगाला भगूरची नगरपरिषद. लॅम रोडने विहितगावाकडे निघालात की नाशिक महानगरपालिका. आणि शेतांतून वाट काढलीत तर ग्रामपंचायती. आग लागली म्हणजे ती या हद्दी पाहून थांबत नाही. बंबाला मात्र त्या पाहाव्या लागतात, कारण बंबाचा पगार, डिझेल आणि टायर कोणा ना कोणाच्या अंदाजपत्रकातून निघतात. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण आपण वेंधळेपणासाठी वापरतो. मला वाटते, ती ज्याने प्रथम उच्चारली त्याला कारभार कळत असावा.

त्या मुलाच्या प्रश्नापायी मी पुढचे काही महिने जुनी पुस्तके आणि कायदे चाळले. मी कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर, संशोधक नव्हे. पण जे हाती लागले ते इतके मनोरंजक निघाले की दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

फार मागे जायचे तर कौटिल्यापर्यंत जाता येते. 'अर्थशास्त्रा'त नगराच्या व्यवस्थेचे प्रकरण आहे. त्यात उन्हाळ्याच्या दिवसांत भर दुपारच्या प्रहरी चूल पेटविण्यावर निर्बंध आहे. प्रत्येक घरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, आकडा, पखाल अशी सामग्री तयार असावी, आणि रस्त्यांवर, चौकांत, वेशींवर पाण्याची भांडी रांगेने मांडलेली असावीत, असे सांगितले आहे. यात कोठेही बंबखाना नाही आणि पगारी जवानही नाही. गावच बंबखाना. पण कौटिल्य माणसाला ओळखून होता. आग लागली असता जो घरमालक धावून जाणार नाही त्याला बारा पण दंड, आणि भाडेकरूला सहा! ज्याची मालमत्ता मोठी त्याची जबाबदारी मोठी, हे तत्त्व आजच्या मालमत्ता कराच्या बिलात आहे. त्याचे बीज मला या दंडात दिसते.

पुढे शहरे दाट झाली, वाडे लाकडी झाले, आणि शेजारधर्माचे घडे अपुरे पडू लागले. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली पेटला तो आठवडाभर जळत होता असे सांगतात. ज्या वाड्यातून एकेकाळी अटकेपर्यंतच्या मोहिमांचे हुकूम सुटले, तो विझविण्यापुरते पाणी शहराला वेळेवर आणता आले नाही. त्याआधी पंचवीस वर्षे, १७ फेब्रुवारी १८०३ रोजी, मुंबईच्या किल्ल्यात आग लागून सुमारे एक-तृतीयांश वस्ती बेचिराख झाली होती. त्यानंतर रस्ते रुंद झाले, किल्ल्याभोवतीचे मैदान मोकळे झाले. पण आग विझविणे हे स्वतंत्र काम आहे आणि त्याला स्वतंत्र पैसा लागतो, हे ध्यानी यायला आणखी कितीतरी वर्षे लागली. मध्यंतरी ते काम पोलिसांच्या गळ्यात होते. चोर धरायचे, दंगे आवरायचे आणि उरल्या वेळात आगी विझवायच्या!

आता १८६१ या सालाकडे येऊ, कारण याच साली आमच्या देवळालीला छावणी वसली. विलायतेहून मुंबईत उतरलेल्या गोऱ्या पलटणी इथे आणीत, आणि नोकरीची मुदत संपलेले सोजीर परतीच्या जहाजाची वाट पाहत इथेच बसत. जहाजे ठराविक हंगामातच सुटत. तोवर काम नाही, धाम नाही, ऊन मात्र डोक्यावर. काही जणांचे डोके फिरे. त्यावरून इंग्रजी भाषेला 'डुलॅली टॅप' हा शब्दप्रयोग मिळाला. 'डुलॅली' म्हणजे आमची देवळाली, आणि 'टॅप' म्हणजे आपला साधा ताप. आमच्या गावाचे नाव वेडाचा अर्थ घेऊन इंग्रजी कोशात जाऊन बसले आहे, याचा अभिमान बाळगावा की नाही हे मला अजून ठरविता आलेले नाही.

या तापल्या सोजिरांना दवाखान्यात कोण नेई? त्या काळच्या फौजेची रुग्णवाहिका म्हणजे डोली. चार भोयांच्या खांद्यावर बांबू, त्याला टांगलेली झोळी. लढाईत जखमींना उचलून आणणारे हे भोई फौजेचे नोकर होते आणि त्यांचा खर्च सरकारी तिजोरीतून होई. एका जुन्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात एक गंमत नोंदलेली आहे: विलायतेतील कोणा वक्त्याने, जखमी शिपायांना डोल्यांनी नेले हे वाचून, डोली नावाची रानटी जमात डोंगरातून उतरली आणि आमचे जखमी पळवून घेऊन गेली, असे भाषणात ठोकून दिले! सांगायचा मुद्दा असा, की आजाऱ्याला उचलून नेणे हे छावणीत पहिल्यापासून तिजोरीचे काम होते. कारण सोजीर सरकारचा होता. बाजारपेठेतल्या वाण्याला, शिंप्याला, भिस्त्याला फणफणून ताप आला तर त्याला त्याच्या भावाच्या पाठीवरूनच जावे लागत असणार.

योगायोग असा, की १८६१ च्या जून महिन्यात लंडन शहरातही एक प्रचंड आग लागली. टूली स्ट्रीटवरच्या वखारी जळाल्या आणि भिंत कोसळून बंबखान्याचा मुख्य अधिकारी जेम्स ब्रेडवुड ठार झाला. हा बंबखाना कोणाचा होता? विमा कंपन्यांचा. ज्या घराचा विमा उतरविला त्याच्या भिंतीवर कंपनी आपली धातूची पाटी ठोकी. पाटी नसलेले घर कंपनीची माणसे जळू देत, अशा कथा सांगतात. त्या सांगण्यापुरत्याच खऱ्या असतील. परंतु पैसे देणाऱ्याचे आधी, हे तत्त्व त्या काळी उघड होते. टूली स्ट्रीटच्या आगीत कंपन्यांचे कंबरडे मोडले, आणि त्यांनी सरकारला कळविले की यापुढे हे ओझे आम्हाला पेलणार नाही. मग १८६५ साली कायदा झाला, आणि खर्चाची वाटणी ठरली. नागरिकांनी घरपट्टीत पौंडामागे अर्धी पेनी द्यावी, सरकारने वर्षाला १०,००० पौंड द्यावेत, आणि विमा कंपन्यांनी उतरविलेल्या दर १० लाख पौंडांमागे ३५ पौंड द्यावेत. नागरिक, सरकार आणि व्यापारी अशी ही तिवडी चूल होती. आज जगात जिथे जिथे बंब आहे तिथे या तीनच दगडांची कमीअधिक मांडामांड दिसते.

मुंबईने हा धडा लवकरच गिरवला. १८८७ साली लंडनच्या बंबखान्यातला अधिकारी आणून शहराचे आगीचे खाते नीट उभे केले, आणि १८८८ च्या महापालिका कायद्याने ते काम नगरपालिकेच्या कर्तव्यांत बसविले. त्या खात्याची खरी कसोटी १४ एप्रिल १९४४ रोजी लागली. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर कापसाच्या गाठी आणि दारूगोळा शेजारी शेजारी भरला होता. दुपारी धूर दिसला, बंब धावले, जवान जहाजावर चढून पाणी मारीत राहिले, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. ६६ अग्निशामक जवान कर्तव्यावर गेले. जहाज युद्धाचे, माल सरकारचा, गोदी बंदर ट्रस्टची; आणि मेले ते महापालिकेच्या पगारावरचे लोक. हद्द कोणाची हे त्यांच्यापैकी कोणी विचारले नाही. देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ.

स्वातंत्र्यानंतर आपण काय केले? आग विझविणे हे स्थानिक संस्थांचे काम, हीच इंग्रजी काळची वहिवाट पुढे चालविली. महानगरपालिकांच्या १९४९ च्या आणि नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यांत ते आवश्यक कर्तव्य म्हणून आले. पुढे राज्यघटनेला ७४ वी दुरुस्ती झाली, ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिच्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत 'अग्निशमन सेवा' स्वच्छ शब्दांत लिहिलेली आहे. राज्याने २००६ साली स्वतंत्र अग्निप्रतिबंधक कायदा केला. त्यानुसार इमारतींकडून शुल्क घेता येते, आणि ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांच्या मालकाने दर जानेवारीत व जुलैत आपली आग विझविण्याची साधने चालू असल्याचा दाखला द्यावयाचा असतो. वाचकांपैकी जे मोठ्या इमारतींत राहतात त्यांनी जिन्यातला तो लाल नळ शेवटचा कधी उघडून पाहिला होता, हे सोसायटीच्या चिटणीसांना विचारावे. पाडव्याच्या शुभेच्छा देताना विचारले तरी चालेल.

छावणीची गोष्ट मात्र निराळी. आमच्यावर राज्याचा नगरपालिका कायदा नाही. संसदेचा कँटोन्मेंट कायदा आहे, आधी १९२४ चा आणि आता २००६ चा. त्यात बोर्डाचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे की आग लागली असता ती विझविण्यास साहाय्य करावे, आणि जीवित व मालमत्ता यांचे रक्षण करावे. 'साहाय्य' हा शब्द मी दोनदा वाचला. पाहुणा मदत करतो, यजमान करतो ते काम असते. असो. कायद्याची भाषा जपून असते. आणि बोर्डाचा बंब पाहुण्यासारखा वागत नाही, हे कॅम्पातल्या लोकांना ठाऊक आहे.

या बोर्डाला पैसा येतो कोठून? घरपट्टी, पाणीपट्टी हे आहेतच. पण छावणीतली पुष्कळशी जमीन आणि इमारती केंद्र सरकारच्या, आणि राज्यघटनेच्या २८५ व्या कलमाप्रमाणे केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला कर बसविता येत नाही. म्हणून कराऐवजी 'सेवा शुल्क' नावाची रक्कम आणि वर अनुदान, यांकडे बोर्डाला डोळे लावून बसावे लागते. पूर्वी जकात होती, तीही गेली. कायद्याने एक सोय मात्र केली आहे: अनुदान मिळविण्यापुरते आणि केंद्राच्या योजना राबविण्यापुरते कँटोन्मेंट बोर्डाला नगरपालिका समजावे. लग्नाच्या पंगतीपुरते जावई समजावे, तसेच हे.

आणि तो पैसा कोठे खर्चायचा हे ठरवितो कोण? देवळालीची लोकवस्ती २०११ च्या जनगणनेत ५४,००० च्या वर होती, म्हणून ती पहिल्या वर्गाची छावणी. अशा बोर्डावर १६ सभासद: ८ लोकांनी निवडलेले, आणि ८ अधिकारपदाने किंवा नेमणुकीने आलेले. अध्यक्ष स्टेशनचा लष्करी प्रमुख. मते समसमान पडली तर त्याचे मत निर्णायक. म्हणजे तराजूच्या दोन पारड्यांत लोक आणि सरकार बरोबरीने, आणि काटा सरकारच्या हाती. तरी पारडे तरी होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकनियुक्त सभासदांची वाढीव मुदतही संपली आणि अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी व सरकारने नेमलेला एक नागरिक अशा तिघांच्या हाती कारभार गेला. ३० एप्रिल २०२३ रोजी निवडणूक ठरली होती. ती मार्चमध्येच रद्द झाली. छावण्यांतील नागरी वस्ती शेजारच्या नगरसंस्थांना जोडावी, हा विचार तेव्हा पुढे आला होता, आणि हिमाचलातील योल छावणीपासून त्याची सुरुवातही झाली.

मी लष्कराच्या विरुद्ध बोलत नाही. तोफखान्याच्या शाळेच्या सावलीत आमची बाजारपेठ वाढली. त्या शिस्तीचा फायदा आम्ही रोज घेतो. प्रश्न एवढाच आहे की नवा बंब घ्यावा, का जुन्याच बंबाला नवे टायर घालावेत, हे ठरते त्या खोलीत रेस्ट कॅम्प रोडवरच्या दुकानदाराने मत देऊन पाठविलेला माणूस बसलेला असावा की नसावा?

याच्या उलट रुग्णवाहिकेकडे पाहा. २६ जानेवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, त्या वेळी ९३७ गाड्यांची योजना होती, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर असावा हे तिचे वैशिष्ट्य. पैसा केंद्राच्या आरोग्य अभियानाचा आणि राज्याचा, गाड्या चालविण्याचे काम ठेकेदाराचे, फोन जातो तो पुण्यातल्या नियंत्रण कक्षाला. तिथून जी गाडी जवळ असेल ती धाडली जाते. ती गाडी विहितगावच्या नाक्यावर थांबून 'आजारी माणूस महापालिकेचा की छावणीचा' असे विचारीत नाही. सगळ्या गावांची थैली एक, म्हणून गाडीला हद्द नाही. या व्यवस्थेतही उणिवा आहेत. ठेका दूरचा, जाब विचारायचा कोणाला हे गावाला कळत नाही. नगरसेवकाच्या दारी जाऊन भांडता येते, तसे फोनवरच्या क्रमांकाशी भांडता येत नाही. पण एके काळी ज्या कॅम्पात डोली फक्त सोजिराला मिळे, तिथे आज भाजीवालीलाही फुकट रुग्णवाहिका मिळते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

बंबाला असे अजून जमलेले नाही. १ जानेवारी २०२३ रोजी आमच्याच जिल्ह्यात, इगतपुरीजवळ मुंढेगावला एका पॉलिफिल्मच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. कामगारांचे बळी गेले, धूर मैलोन्मैल दिसत होता. कारखाना गावात, गावाला ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीने असा बंब कोठून ठेवावा? नाशिक शहरासह ठिकठिकाणचे बंब धावत गेले तेव्हा कोठे ती आग आवरली. धावले, हे खरे. पण महामार्गावरचे ते अंतर शेजारधर्माने कमी होत नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. बहुतेक राज्यांनी आपला पंचवीस टक्के वाटा घालावयाचा आहे. म्हणजे चुलीचा तिसरा दगड आता जरा सरकू लागला आहे.

हे सगळे वाचून झाल्यावर मी त्या मुलाला बोलावले. तोवर तो नववीत गेला होता आणि प्रश्न विसरला होता. तरी मी उत्तर दिलेच. म्हटले, "बाळ, आग लागली तर १०१ किंवा ११२ फिरवायचा, पत्ता नीट सांगायचा आणि हद्दीचा विचार करायचा नाही. तो विचार आग नसते तेव्हा करायचा असतो."

"म्हणजे कधी?"

"अंदाजपत्रकाच्या वेळी. बंबासाठी किती ठेवले, जवान किती, पाणी भरायची जागा कोणती, आणि शेजारच्या हद्दीत जायचे ठरले आहे का, हे विचारायचे."

"पण सर, मोठी माणसं विचारतात का?"

मी गप्प बसलो. इतकी वर्षे या गावात घरपट्टी भरून मी ती एक ओळ कधी वाचली नव्हती. आता वाचणार आहे. कौटिल्याच्या हिशेबाने मजकडे बारा पण निघतातच.

यंदाही नरकचतुर्दशीला आमचा बंब पेटेल. आईला सांगून ठेवले आहे, सगळ्यांच्या आंघोळी झाल्या तरी दोन बादल्या भरून गॅलरीच्या दाराशी राहू द्या. आणि शेजारच्या मुलांना सांगितले आहे, बाण मैदानात नेऊन उडवा. वाचकहो, तुमच्याही दाराशी दोन बादल्या असोत, आणि दिवाळी संपेतो त्यांतले पाणी तसेच राहो.